गुण नेमके कशाचे? नववी-दहावीच्या मुलांचे इंग्रजी ऐकणे आणि वाचणे तपासताना

प्रश्न असा आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत तीन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या इंग्रजीच्या एका शिक्षिका विचारतात: "नववीत ५८ मुले आहेत. उताऱ्यावरच्या प्रश्नांना निम्म्याहून जास्त मुलांना चांगले गुण पडतात. पण उताऱ्यात काय घडले ते मराठीत सांगा म्हटले की वर्ग गप्प होतो. श्रवणाचे गुण तर अंदाजानेच दिले जातात. शाळेत लँग्वेज लॅब नाही. मुलांचे ऐकणे आणि वाचणे खरेखुरे तपासायचे कसे?"

मॅडम, उद्या वर्गात एक करून बघा. फळ्यावर इंग्रजीत लिहा: 'द ग्लिम्पी ट्रस्क फ्लॉम्प्ड अ वेश निअर द मोर्ड.' यातले मुख्य शब्द मी बनवलेले आहेत, कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाहीत. खाली दोन प्रश्न लिहा: 'हू फ्लॉम्प्ड अ वेश?' आणि 'व्हेअर डिड द ट्रस्क फ्लॉम्प अ वेश?' तुमच्या वर्गातली बरीच मुले 'द ग्लिम्पी ट्रस्क' आणि 'निअर द मोर्ड' अशी दोन्ही उत्तरे बिनचूक लिहितील. पैकीच्या पैकी गुण! आणि अर्थ कुणालाच कळलेला नाही, कारण वाक्याला अर्थच नाही.

आपल्या उताऱ्यांवरचे बरेच प्रश्न असेच असतात. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आगेमागे जे असेल ते उतरवायचे. मुले या कामात फार तरबेज झालेली असतात, कारण पाचवीपासून आपणच त्यांना ते शिकवलेले असते. तुमच्या मुलांना पडलेले गुण खोटे नाहीत, पण ते शोधून उतरवण्याचे गुण आहेत. समजण्याचे गुण अजून कुणी मोजलेलेच नाहीत.

सत्तावीस वर्षे नववी-दहावीला इंग्रजी शिकवून मी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबलो आहे: हा गुण नेमका कशाचा? प्रत्येक प्रश्न काढताना हे स्वतःला विचारले की पुढचे बरेचसे आपोआप सुचते.

मला हा धडा दोन मुलांनी दिला. एक मुलगी होती, दहावीला इंग्रजीत ८० पैकी ७२. आमच्या शाळेचा अभिमान. पुण्याला डिप्लोमाला गेली आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. रडतच बोलत होती. "सर, तासाला सर काय बोलतात ते एक अक्षर कळत नाही. मला इंग्रजी येतं ना? मग असं का होतंय?" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. तिचे ऐकणे आम्ही एकदाही तपासले नव्हते. श्रवणाचे गुण तिला मिळाले होते ते ती शांत, नीटनेटकी आणि हुशार होती म्हणून.

दुसरा मुलगा नववीतला. उताऱ्यावर २० पैकी ३. वर्गात तो मान वर करून बघतही नसे. एकदा सहज कळले की गल्लीतली म्हातारी माणसे बँकेचा मेसेज आला की याच्याकडे येतात आणि पैसे आले की गेले ते हा सांगतो. 'डेबिटेड', 'क्रेडिटेड', 'अव्हेलेबल बॅलन्स' हे सगळे त्याला कळत होते. मी तोच उतारा, तेच प्रश्न त्याला पुन्हा दिले आणि म्हटले, उत्तरे मराठीत लिही. १४ गुण पडले. त्याला वाचता येत होते, इंग्रजीत वाक्य लिहिता येत नव्हते. आम्ही वाचनाच्या नावाखाली त्याचे लेखन तपासत होतो आणि वर्षानुवर्षे त्याला सांगत होतो की तुला इंग्रजी समजत नाही.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला: वर्गातल्या चाचणीत वाचन आणि श्रवण तपासताना उत्तर मराठीत, खुणेने, आकड्याने, चित्राने, कसेही घ्या. इंग्रजीत वाक्य लिहायला लावू नका. यावर शिक्षकखोलीत आणि पालकसभेत नाराजी निघेल. "इंग्रजीच्या पेपरात मराठी?" असे मला दोनदा मुख्याध्यापकांसमोर विचारले गेले आहे. मी सांगितले ते असे: बोर्डाची कृतिपत्रिका इंग्रजीतच सोडवायची आहे, तिचा सराव वेगळा चालू आहे. ही चाचणी मुलाला काय कळते ते मला कळावे म्हणून आहे. लेखनाचे गुण मी लेखनाच्या रकान्यात देतो. दोन रकाने वेगळे केले की भांडण बहुतेक मिटते, कारण पालकालाही पहिल्यांदाच दिसते की मूल नेमके कुठे अडले आहे.

बोर्डाच्या उताऱ्याखाली माहितीचे प्रश्न असतात, शब्दसंपत्ती असते, व्याकरण असते आणि शेवटी स्वतःचे मत विचारलेले असते. परीक्षा म्हणून ते ठीक आहे. पण त्या सगळ्याची बेरीज म्हणजे मुलाचे वाचन असे समजू नका. 'रीराइट' करून काळ बदलणारा मुलगा उतारा न वाचताही तो गुण घेऊन जातो.

मोठ्याने वाचून घेणे हेही वाचन तपासणे नव्हे. प्रथम संस्थेच्या 'असर' अहवालात २०२३ साली १४ ते १८ वयाची मुले पाहिली होती. इंग्रजी वाक्ये वाचता येणारी मुले निम्म्याहून थोडी जास्त, ५७.३ टक्के होती. आणि ज्यांना वाक्ये वाचता आली त्यांच्यापैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. साध्या, छोट्या वाक्यांची ही गोष्ट. अस्खलित वाचणारे मूल समजून वाचते आहे असे आपण धरून चालतो, तिथे दर चारांत एकाच्या बाबतीत आपली फसगत होते. उलटेही असते. अडखळत वाचणाऱ्याला मनातल्या मनात वाचू दिले तर तो तुम्हाला सगळी गोष्ट सांगतो.

आता वाचनाचा उतारा कसा निवडायचा. पाठ्यपुस्तकातला शिकवलेला धडा यासाठी उपयोगाचा नाही. तिथे स्मरण तपासले जाते. न पाहिलेला उतारा घ्या, १२० ते १५० शब्दांचा. वाचनावरच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की कुणाच्या मदतीविना मजकूर नीट समजायला त्यातले ९५ ते ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी शब्द दोन ते पाच, त्याहून जास्त नकोत. मी हे असे बघतो: मधल्या फळीतल्या चार मुलांना उतारा देतो आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगतो. एकेकाच्या रेघा सहा-सातच्या वर गेल्या तर तो उतारा बाजूला ठेवतो. तो उतारा तपासायला निघाला तर फक्त शब्दसंग्रह तपासेल.

प्रश्न काढताना एक पथ्य पाळा: उत्तराचा मार्ग शब्दांवरून जाऊ नये, अर्थावरून जावा. उताऱ्यात 'ही हॅड नॉट ईटन सिन्स मॉर्निंग' असे असेल तर 'व्हेन डिड ही लास्ट ईट?' विचारले की मूल 'मॉर्निंग' उतरवून मोकळे होते. त्याऐवजी मराठीत विचारा: घरी आल्यावर तो आधी स्वयंपाकघरात का गेला? उताऱ्यात 'भूक' हा शब्दच नाही, त्यामुळे उतरवायला काही नाही. घडलेल्या पाच गोष्टी उलटसुलट देऊन क्रम लावायला सांगणे हाही चांगला प्रकार आहे, विशेषतः उताऱ्यात 'बिफोर' आणि 'आफ्टर' येत असतील तर. 'बिफोर ही लॉक्ड द शॉप, ही कॉल्ड हिज ब्रदर' यात आधी काय घडले? वाक्यात कुलूप आधी आले म्हणून निम्मा वर्ग कुलूप आधी लावतो. एवढ्या एका प्रश्नाने मला पुढच्या आठवड्याचे तास सुचले होते.

आणखी एक कसोटी मी न चुकता लावतो. प्रश्न तयार झाले की उतारा न देता फक्त प्रश्न पाच-सहा मुलांना सोडवायला देतो. उतारा न वाचताच बरोबर आले तर तो प्रश्न रद्द. 'पाण्याची बचत करावी का?' अशा प्रश्नांना कुठला उतारा लागतो? पाऊस, झाडे, प्रदूषण, थोर पुरुष या विषयांवरच्या उताऱ्यांत असे प्रश्न ढिगाने सापडतात.

चूक की बरोबर या प्रकाराबद्दल मला काळजी वाटते. असे १० प्रश्न दिले तर काहीही न वाचता, नुसत्या अंदाजाने सरासरी ५ गुण पडतात. आपल्याकडे उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. म्हणजे ज्याला काहीही येत नाही तो बहुतेक वेळा पास. त्यात 'उताऱ्यात सांगितलेले नाही' हा तिसरा पर्याय घाला. अंदाजाचे गुण तिसऱ्या हिश्श्यावर येतात, आणि मुलाला उतारा नीट बघावा लागतो. पर्याय तीन पुरतात. चौथा आपण ओढूनताणून घालतो आणि तो कुणी निवडतही नाही.

वाचनाचे साहित्य गावात भरपूर आहे. बँकेचा मेसेज, रेल्वेचे तिकीट, औषधाच्या पाकिटावरची सूचना, मोबाईल रिचार्जची जाहिरात. 'टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे आफ्टर फूड' यावरून आठवड्याला किती गोळ्या लागतील ते काढायला सांगा. उत्तर एका आकड्यात येते, तपासायला दोन सेकंद लागतात, आणि मुलाला 'ट्वाइस' कळले की नाही हे स्पष्ट दिसते. मेसेज दाखवताना त्यातला खाते क्रमांक आणि नाव मात्र झाकून घ्या.

आता ऐकण्याकडे येतो. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण इथे आपण जवळजवळ काहीच करत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्या नववीतल्या मुलाचे इंग्रजीचे हे नववे वर्ष, आणि या नऊ वर्षांत सलग दोन मिनिटे इंग्रजी ऐकून त्याचे काय समजले हे त्याला बहुधा कुणी विचारलेले नाही. बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत ऐकणे नाही. ते शाळेच्या हातातल्या गुणांमध्ये आहे, आणि तिथे ते अंदाजात जाते. दक्षिण कोरियात महाविद्यालय प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ प्रश्न ऐकून सोडवायचे असतात, आणि तेवढा वेळ देशभरात विमानांचे उड्डाण आणि उतरणे थांबवले जाते. जपानमध्ये २०२१ पासूनच्या सामायिक प्रवेश परीक्षेत वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० गुण आहेत. ही दोन्ही इंग्रजी घरात न बोलणारी राष्ट्रे. आपण विमाने थांबवू शकत नाही. पण शेजारच्या वर्गात मोठ्याने पाढे चालू असताना श्रवणाची चाचणी घ्यायची नाही एवढे तर करू शकतो. पत्र्याचे छप्पर असेल तर पावसात ती घेऊच नका. त्या दिवशीचे गुण पावसाचे असतात.

लॅब लागत नाही. तुमचा आवाज आणि एक ब्लूटूथ स्पीकर पुरतो. ५८ मुलांच्या वर्गात मोबाईलचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही, हे आधी स्वतः मागे बसून ऐकून घ्या. मी चाचणी दोन गटांत घेतो. तीस मुले आत, बाकीची मैदानावर, मग अदलाबदल. दुसऱ्या गटाला वेगळा मजकूर, नाहीतर उत्तरे मैदानावर आधीच पोचलेली असतात.

मजकूर एक ते दीड मिनिटाचा असावा. मोठा केला की ऐकणे संपून स्मरणशक्तीची परीक्षा सुरू होते. प्रश्नपत्रिका आधी द्या आणि प्रश्न वाचायला पूर्ण एक मिनिट द्या. घरीदारी आपण ऐकतो तेव्हा कशासाठी ऐकतो आहोत हे आपल्याला ठाऊक असते, मुलालाही ते ठाऊक असावे. प्रश्नांचा क्रम मजकुराच्या क्रमानेच ठेवा. पहिल्या दहा सेकंदांत कुठलेही उत्तर ठेवू नका, तेवढा वेळ कान आवाजाला सरावण्यात जातो. दोन उत्तरांमध्ये एक-दोन वाक्यांचे अंतर हवे, नाहीतर पहिले लिहीपर्यंत दुसरे निघून जाते. दोनदा ऐकवा. आणि शुद्धलेखनाचे गुण कापू नका. 'वेन्सडे' हा वार चुकीच्या स्पेलिंगने लिहिला तरी त्याने तो ऐकला आहे.

मी पहिली चाचणी नेहमी रेल्वे फलाटावरची घेतो, कारण त्या घोषणेचा सूर मुलांच्या कानात असतो. मजकूर मी स्वतः बनवतो. ट्रेन नंबर वन टू डबल वन सिक्स, सोलापूर–मुंबई सिद्धेश्वर एक्स्प्रेस, आज चाळीस मिनिटे उशिरा आहे आणि प्लॅटफॉर्म एकऐवजी प्लॅटफॉर्म तीनवर येणार आहे. प्रश्न तीनच: गाडीचा नंबर, किती उशीर, कुठला फलाट. नंबर १२११६. 'डबल वन' ऐकून किती मुले '२१' लिहितात ते बघा! शब्द दोन्ही येतात, पण जोडून आले की कानाला ओळखू येत नाहीत. फलाटाला 'एक' लिहिणारी मुले पहिला आकडा पकडून थांबतात, त्याआधीचे 'इन्स्टेड ऑफ' त्यांच्यापर्यंत पोचत नाही. 'फोर्टीन' आणि 'फॉर्टी' यांत फरक करणे जमत नाही तो आणखी वेगळा आजार. तीन प्रश्न, आणि तीन प्रकारची मुले तुमच्यासमोर वेगळी होतात.

आपल्या मुलांचे कान कुठे अडतात हे माहीत असले की प्रश्न नेमके काढता येतात. 'शिप' आणि 'शीप' मधला फरक मराठी कानाला सहज लागत नाही. व्ही आणि डब्ल्यू आपण दोन्ही 'व' करतो. पण खरी अडचण सुट्या ध्वनींची नाही. मुलांनी शब्द डोळ्यांनी पाठ केलेले असतात: 'व्हे-जि-टे-बल', 'कम्-फर्-टे-बल'. कानावर येते 'व्हेज्टबल', 'कम्फ्टबल'. 'पिक इट अप' हे 'पिकिटप' होऊन येते, 'डिड यू' चे 'डिजू' होते. 'कॅन' आणि 'कान्ट' मधला शेवटचा 'ट' तर बोलणारा बहुतेक वेळा गिळतोच, आणि अर्थ उलटा होतो. म्हणून चाचणीचा मजकूर शब्द सुटे सुटे करून, फार सावकाश वाचू नका. तसे इंग्रजी त्याला शाळेबाहेर कुठेच भेटणार नाही. सुरुवातीला मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास वेग ठेवा आणि वाक्याच्या मध्ये न थांबता दोन वाक्यांच्या मध्ये थांबा.

आवाज कुणाचा? आधी भारतीय. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या, रेल्वेच्या घोषणा, बँकेच्या फोनवरची बाई. आमच्या मुलांना आधी हेच इंग्रजी कळायला हवे. लंडनचा उच्चार कळला नाही म्हणून नववीत कुणाचे गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. दहावीच्या दुसऱ्या सत्रात हळूहळू इतर आवाज आणा. तोवर शाळेतल्याच दुसऱ्या सहकाऱ्याकडून मजकूर मोबाईलवर वाचून घ्या, कारण मुलांना तुमचा आवाज पाठ झालेला असतो आणि ती तुमच्या हातवाऱ्यांवरूनही उत्तर ओळखतात.

नकाशा हा माझा आवडता प्रकार. गावाचा साधा नकाशा छापून द्या: एसटी स्टँड, ग्रामपंचायत, पिंपळ, दवाखाना. तुम्ही रस्ता सांगायचा, मुलांनी रेघ ओढायची आणि शेवटच्या घरावर फुली मारायची. 'बिहाइंड', 'ऑपोझिट', 'पास्ट' हे शब्द पाठ असलेले मूल इथे पिंपळाला उजवीकडून वळसा घालते की डावीकडून, हे कागदावर दिसते. सगळा गठ्ठा वीस मिनिटांत तपासून होतो.

चाचणी झाल्यावर एक काम करा, जे बहुतेक शाळांत होत नाही. उत्तरपत्रिका गुणांप्रमाणे लावा. वरच्या १५ आणि खालच्या १५ वेगळ्या काढा, आणि प्रत्येक प्रश्न वरच्यांपैकी किती जणांना आला, खालच्यांपैकी किती जणांना, ते मोजा. वरचे १३ आणि खालचे ४, असा प्रश्न चांगला आहे. दोन्हीकडे १५ असेल तर प्रश्नाने तुम्हाला काही सांगितले नाही, फक्त मुलांना धीर दिला. असा एखादा सुरुवातीला असावा. पण वरचे ५ आणि खालचे ९ असे आले तर प्रश्नातच दोष आहे, हुशार मुलांना त्यात दुसरा खरा अर्थ दिसला आहे. त्या मुलांना बोलावून विचारा. माझे कितीतरी प्रश्न मुलांनी असे दुरुस्त करून दिले आहेत. तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा लावायला संकोच करू नका.

नोंदीसाठी प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार रकाने करा: ठळक माहिती पकडली, क्रम कळला, न सांगितलेले ओळखले, एकूण आशय सांगता आला. वाचनासाठी एक पान, ऐकण्यासाठी एक. सत्रात तीन वेळा भरले तरी पुरे. शाळेच्या हातातले गुण देताना मग अंदाज करावा लागत नाही, आणि कुणी विचारले तर वही दाखवता येते.

शेवटी एक गोष्ट, जी मी फार उशिरा शिकलो. श्रवणाच्या दोन चाचण्यांत एका मुलाला शून्य पडले. वाचनात तो चांगला होता. मी त्याला 'लक्ष देत नाहीस' म्हणून रागावलो. तिसऱ्या वेळी स्पीकर त्याच्या बाकाजवळ होता, आणि त्याला सगळे आले. लहानपणापासून एक कान वाहत होता आणि त्या कानाने त्याला फारसे ऐकूच येत नव्हते; मराठीच्या तासाला तो ओठ आणि प्रसंग पाहून निभावून नेत होता. तेव्हापासून मी जूनमध्ये, पहिल्या चाचणीआधी, प्रत्येक मुलाला पाठमोरे उभे करून चार-पाच पावलांवरून हळू आवाजात पाच मराठी शब्द म्हणतो आणि ते परत म्हणायला सांगतो. फळ्यावरची ओळ शेवटच्या बाकावरून वाचून घेतो. ही तपासणी डॉक्टरची नव्हे, पण शंका यायला पुरेशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत येते, ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे डोळे आणि कान पाहते. शंका असलेल्या मुलांची यादी त्या दिवशी तुमच्या हातात तयार असू द्या, आणि तोवर त्या मुलांना स्पीकरजवळच्या बाकावर बसवा.